वर्गाचे वातावरण आणि शिक्षकाच्या सवयी : पहिल्या सत्राचा एक सराव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील दोन खोल्यांच्या एका सरकारी मराठी शाळेत मी नोकरीस लागले, तेव्हा तिथे आम्ही दोघेच शिक्षक होतो. तिसरी ते पाचवीची मुले सकाळी मुख्याध्यापकांकडे बसत आणि दुपारच्या जेवणानंतर माझ्याकडे येत. मुले तीच, पुस्तके तीच, छपरावर वाजणारा पाऊसही तोच होता. तरीही सकाळी जी मुले उठून फळ्यापाशी जात आणि गुरुजींना मध्येच थांबवून शंका विचारीत, तीच दुपारी माझ्यापुढे हाताची घडी घालून गप्प बसत. त्या गप्प बसण्याला मी दोन वर्षे शिस्त समजत होते आणि मला तिचा अभिमानही होता. ती शिस्त नव्हती, धाक होता, हे मला बऱ्याच उशिरा, दुसऱ्या एका शाळेत, एका मुलीमुळे कळले. तो प्रसंग पुढे सांगणार आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण शिक्षकांच्या बैठकीत फार वेळा ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती स्वतःच्या रागाची किंवा आळसाची ढाल म्हणून वापरली जाते. म्हण खरी असेलही; पण मुलांना आपला स्वभाव दिसत नाही, त्यांना आपल्या सवयी दिसतात. बाई दारातून आत येताना कोणाकडे पाहतात, उत्तर चुकले की त्यांच्या भुवया कशा होतात, शाळा समितीच्या अध्यक्षांच्या मुलाने पेन्सिल पळवली तर काय होते आणि मजुराच्या मुलाने पळवली तर काय होते, एवढ्यावरून दुसरीतले पोरही माणूस ओळखते आणि त्याप्रमाणे वर्गात वागू लागते. शिक्षकाचे चारित्र्य मुलांपर्यंत पोहोचते ते याच वाटेने. मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण काय सांगतो याचा त्यात वाटा थोडा असतो. स्वभावाला औषध नसले तरी सवय मोडता येते आणि नवी लावता येते, आणि त्यासाठी एक सत्र पुरते, असा माझा अनुभव आहे.

हे लेखन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील प्राथमिक शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. आपल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, म्हणजे पलीकडे महाराष्ट्रातील चंदगड-गडहिंग्लजच्या शाळांच्या पंधरवडाभर आधी, आणि दसऱ्याच्या सुटीपर्यंत सलग चार महिने हाती असतात. पुढे दिलेल्या गोष्टी त्या चार महिन्यांत बसवाव्यात. मात्र एका वेळी एकच सवय हाती घ्यावी. जूनच्या पहिल्या सोमवारी सगळेच बदलायला निघालेला शिक्षक दुसऱ्या सोमवारपर्यंत पूर्वीसारखाच झालेला असतो.

पहिला आठवडा : काहीही न बदलता नोंद ठेवणे

शाळा सुरू होऊन मुले स्थिरावली की एक छोटी वही करावी. तिच्या एका पानावर हजेरीपटाप्रमाणे सर्व मुलांची नावे लिहावीत आणि दिवसभरात ज्या मुलाशी आपण नाव घेऊन बोललो त्याच्या नावापुढे एक रेघ ओढावी. कौतुकासाठी बोललो असू तर उभी रेघ, रागावण्यासाठी बोललो असू तर आडवी रेघ आणि साधा प्रश्न विचारला असेल तर टिंब. प्रत्येक तासानंतर अर्धा मिनिट पुरतो. या आठवड्यात स्वतःला सुधारण्याचा कोणताही प्रयत्न करू नये, नाहीतर नोंद खोटी होते.

शनिवारी दुपारी ते पान समोर घेऊन बसावे. माझ्या पहिल्या पानावर एकतीस नावे होती आणि त्यांतल्या नऊ नावांपुढे सहा दिवसांत एकही खूण नव्हती. ती नऊ मुले त्रास देत नव्हती, हुशार म्हणूनही पुढे येत नव्हती. ती फक्त शाळेत येत होती आणि घरी जात होती. मी स्वतःला सर्वांना सारखे वागवणारी शिक्षिका समजत होते. सर्व आडव्या रेघा चार मुलांच्या वाट्याला आल्या होत्या आणि ती चारही मुले शेवटच्या ओळीत बसत होती, तिथे त्यांना मीच बसवले होते.

त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आपला आवाज कोणत्या वेळी चढला आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडले होते, एवढेच लिहावे. बहुतेकांच्या वहीत दोन वेळा ठळक दिसतील. एक, जेवणानंतरचा तास. दुसरी, ज्या दिवशी कार्यालयातून एखादी माहिती तातडीने मागवलेली असते तो दिवस. मुलांच्या नोंदी संगणकावर चढवायच्या असतात, नेटवर्क मिळत नसते, फोन वाजत असतो आणि अशा वेळी पाणी प्यायला जाऊ का असे विचारणाऱ्या मुलावर आपण ओरडतो. कामाचा बोजा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या बोजाचा राग ज्याच्यावर निघतो तो सात वर्षांचा असतो आणि त्याला फक्त एवढेच कळते की बाईंना काही विचारले तर कधी ओरडा बसेल याचा नेम नाही. वर्गात भीती बसते ती मुख्यतः या अनिश्चिततेमुळे. कडक पण ठरावीक वागणाऱ्या शिक्षकापुढे मुले सावरून बसतात. लहरी शिक्षकापुढे ती चेहरा वाचत बसतात आणि त्यांचे अर्धे लक्ष त्यातच खर्च होते.

यावर एक साधा उपाय आहे. ज्या दिवशी कार्यालयाचे काम डोक्यावर असेल त्या दिवशी मुलांना सकाळीच सांगावे : “आज मला एक माहिती लिहून पाठवायची आहे. अर्धा तास तुम्ही वाचन करा, त्या वेळात मला हाक मारू नका, नंतर मी तुमचीच आहे.” मुले हे समजून घेतात. आपण चिडलो आहोत हे त्यांना कळतच असते. त्याचे कारण ती स्वतः नाहीत, हे मात्र कोणीतरी सांगावे लागते.

दाराशी पहिली दहा मिनिटे

घंटेआधी शाळेत असणे हा नियम म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा वर्गावर होणारा परिणाम पाहायचा असेल तर घंटेआधी दहा मिनिटे वर्गाच्या दारात उभे राहावे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारावी. खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जुलैमध्ये पाऊस दिवसदिवस थांबत नाही. गवळीवाड्यावरून जंगलातील पायवाटेने आलेले मूल गुडघ्यापर्यंत भिजलेले असते. त्याला आत घेऊन दप्तर कोरड्या जागी ठेवायला सांगणे आणि पुसायला कापड देणे हे त्या दिवसाचे पहिले शिक्षण आहे. त्यासाठी वर्गात दोन जुने टॉवेल आणि एक दोरी कायमची ठेवावी.

उशिरा येणाऱ्या मुलांबद्दल निर्णय आधीच करून ठेवावा, कारण ऐन वेळी तो आपल्या मनःस्थितीवर सोडला जातो. माझा नियम असा आहे : उशिरा आलेल्याने न विचारता आत येऊन जागेवर बसावे; उशिराचे कारण मी मधल्या सुटीत त्याला एकट्याला विचारीन. दारात उभे करून सर्वांसमक्ष कारण विचारले की मूल खोटे बोलते, कारण खरे कारण सांगण्यासारखे नसते. ओढ्याला पाणी आलेले असते, बस भरून आल्यामुळे थांब्यावर थांबलेली नसते, निपाणीकडे आई पहाटेच तंबाखूच्या वखारीत गेल्याने धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून यावे लागते. मधल्या सुटीत शांतपणे विचारल्यावर यांपैकी जे असेल ते कळते आणि त्यावर मार्ग काढता येतो. मुद्दाम उशीर करणारेही एखादे असते. पण त्या एकासाठी उरलेल्यांना रोज दारात उभे करणे मला पटत नाही.

चुकलेल्या उत्तरापाशी थांबणे

वर्गाचे वातावरण सर्वांत अधिक कशाने घडत असेल तर ते चुकलेल्या उत्तरानंतरच्या तीन-चार सेकंदांत. या जागी शिक्षकाचा धीर, त्याची नम्रता, मुलाविषयीचा त्याचा आदर हे सारे एकदम उघडे पडते, म्हणून या सवयीला मी पूर्ण दोन महिने देते.

आधी थांबण्याविषयी. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून असे दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ असे म्हणण्याचे प्रमाण घटले. हे काम १९७० च्या दशकातले आहे आणि आपल्या वर्गात ते कोणालाही एका दिवसात पडताळता येते. प्रश्न विचारावा, मनातल्या मनात सावकाश तीन आकडे मोजावेत आणि मगच पुढे जावे. पहिल्या दिवशी ते तीन आकडे फार लांब वाटतात. आपल्या भागात हे थांबणे आणखी गरजेचे आहे, कारण अनेक मुले प्रश्न एका भाषेत ऐकतात आणि विचार दुसऱ्या भाषेत करतात.

त्यानंतर चूक वाचण्याविषयी. चौथीतल्या एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ असे उत्तर लिहिले. लक्ष नव्हते असे म्हणून मी त्याला तीच वजाबाकी पाच वेळा लिहायला लावली आणि त्याने पाच वेळा ३५ लिहिले. मग त्याला विचारले, “कसे केलेस ते मला करून दाखव.” तो म्हणाला, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, हा नियम त्याने काटेकोरपणे पाळला होता. त्याचे लक्ष होते. हातचा घेणे म्हणजे दहाचा एक गठ्ठा सोडणे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते, आणि दाखवणारी मीच असायला हवी होते. त्या दिवसापासून चूक दिसली की मी पहिले वाक्य एकच उच्चारते : “कसे केलेस ते सांग.” हे वाक्य बरोबर उत्तरालाही विचारावे. केवळ चुकलेल्यालाच विचारले तर मुले आठवड्यात ओळखतात की ही रागावण्याची नवी रीत आहे.

सीमाभागातील शिक्षकाने आणखी काही चुका ओळखायला शिकले पाहिजे, कारण त्या चुका दोन भाषांच्या सांध्यावर होतात आणि त्यांना हसण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत आले की ‘ती पुस्तक’, ‘तो झाड’ असे बोलते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. पलंग पुल्लिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, याला त्या मुलाजवळ काहीही आधार नसतो, आणि खरे म्हणजे आपल्याजवळही नसतो. ‘चमचा’मधला च आणि ‘चंद्र’मधला च आपण वेगवेगळे उच्चारतो, कन्नडमध्ये एकच च आहे, म्हणून ते मूल दोन्ही सारखे वाचते. संख्यांचेही तसेच. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर. कन्नडमध्ये इप्पत्तेळु म्हणताना वीस आधी आणि सात नंतर. ऐकून अंक लिहिताना असे मूल २७ ऐवजी ७२ लिहून बसले तर ते ऐकलेल्या क्रमाशी प्रामाणिक राहिलेले असते. याच्या उलट, आपली मराठी मुले कन्नड लिहिताना ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांत घोटाळा करतात, कारण मराठीत हा भेद लिहिलाच जात नाही. अशी चूक झाली की वर्गाला सांगावे : “त्याचे का चुकले माहीत आहे? त्याला दोन भाषा येतात म्हणून.” नंतर तो भेद फळ्यावर दोन ओळींत मांडावा. ज्या मुलाला हसले गेले असते त्याच्यामुळे वर्गाला काही नवे शिकायला मिळते, आणि पुढच्या वेळी ते मूल बोलायला कचरत नाही.

शेवटी स्वतःच्या चुकीविषयी. फळ्यावर आपण चुकीचे लिहिले आणि एखाद्या मुलाने ते दाखवले, तर “बरोबर, माझे चुकले” एवढे म्हणून पुसावे आणि नीट लिहावे. ‘मी तुमची परीक्षा घेत होते’ असे कधीही म्हणू नये. एवढ्या एका वाक्याने महिन्याभराचा विश्वास जातो. काही प्रशिक्षणांत मुद्दाम चूक करून मुलांना ती शोधायला लावण्याची युक्ती सांगतात. खेळ म्हणून, आधी सांगून केली तर ती ठीक आहे. प्रामाणिकपणाचा देखावा म्हणून मात्र करू नये.

एका वाक्याचा परिणाम

खानापूरनंतर माझी बदली निपाणीच्या बाजूला झाली. त्या भागातील अनेक घरांत स्त्रिया विड्या वळतात आणि शाळेतून आलेल्या मुली त्यांना हातभार लावतात. तंबाखूचा वास कपड्यांत, केसांत, दप्तरातल्या वह्यांतही मुरतो. एका दुपारी डोके दुखत असताना वही दाखवायला जवळ आलेल्या पाचवीतल्या मुलीला मी म्हटले, “जरा लांब उभी राहा, वास येतो.” मी आवाज चढवला नव्हता, शिवी दिली नव्हती आणि दुसऱ्या मिनिटाला ते विसरूनही गेले होते.

आठवड्याने लक्षात आले की तिच्या बाकावर ती एकटीच बसते. पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मुलींनी खेळात तिला घेणे सोडले, आणि एकदा मी माझेच वाक्य एका सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकले. त्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी विड्याच वळल्या जात होत्या. वास त्यांना नवा नव्हता. त्यांना नवी होती ती परवानगी, आणि ती माझ्याकडून मिळाली होती. शिक्षकाचे वागणे वर्गाचे वातावरण होते म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या आठवड्यात समजले. आपण एका मुलाशी जसे वागतो तसे त्याच्याशी वागण्याची मुभा वर्गातील सर्वांना मिळते.

अशी चूक घडल्यावर काय करावे, हे मी त्या वेळी चाचपडत शिकले, म्हणून इथे क्रमाने सांगते. प्रथम मुलीच्या घरी गेले. मुलगी अभ्यासात कशी आहे हे सांगायला गेले, कैफियत मांडायला नाही. तिची आई सुपात तेंदूची पाने घेऊन बसली होती आणि तिने हात न थांबवता माझ्याशी बोलणे केले, कारण हजार विड्यांवर मजुरी ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर, त्या मुलीचे नाव घेऊन, म्हटले, “मागच्या आठवड्यात मी हिला लांब उभी राहा म्हटले. ते बोलणे चूक होते. मी तिची माफी मागते.” अपमान चारचौघांत झाला असेल तर माफी एकांतात मागून भागत नाही. माफीबरोबर कारणे देऊ नयेत. डोके दुखत होते हे मी सांगितले नाही. त्यानंतर मी माझी खुर्ची महिनाभर तिच्या बाकाशेजारी ठेवली आणि वह्या तिथेच बसून तपासल्या. इतर मुली पंधरा दिवसांत पूर्ववत झाल्या. ती मुलगी मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत स्वतःहून वही दाखवायला आली नाही, आणि तो तिचा हक्क होता असे मी मानते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी बहुतेक शाळांतून गेली आहे. टोपणनावे, टोमणे, जातीवरून किंवा घरच्या धंद्यावरून केलेला उल्लेख हे अजून पुरते गेलेले नाही. म्हणून रागासाठी आधीच एक रीत ठरवून ठेवावी. राग आला की फळ्याकडे वळावे, पाणी प्यावे आणि म्हणावे, “मला आत्ता राग आला आहे, यावर आपण सुटीत बोलू.” मग सुटीत खरोखर बोलावे. न बोलल्यास ती धमकी होते. बोलताना मुलाने काय केले ते सांगावे, ते मूल कसे आहे हे सांगू नये. ‘तू त्याची पाटी फोडलीस’ हे सांगणे झाले; ‘तू आहेसच तसा’ हा शिक्का झाला, आणि मूल त्या शिक्क्याप्रमाणे वागून दाखवते.

वाटणी

मुले न्यायाबद्दल फार बारकाईने हिशेब ठेवतात, विशेषतः कामांच्या आणि मानाच्या वाटणीत. झाडू कोणाच्या हातात असतो आणि पाहुण्यांना गुलाब कोण देते, हे एका महिन्याच्या नोंदीतून तपासावे. पुष्कळ शाळांत झाडणे मुलींकडे, बाहेरची कामे मुलांकडे, स्वागतगीत गोऱ्या-नीटस मुलींकडे आणि प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धेतील भाषण शाळा सुधारणा समितीतील एखाद्या सदस्याच्या मुलाकडे गेलेले आढळते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, नुसती सवय असते. भिंतीवर नावांचे फिरते कोष्टक लावून प्रत्येक काम प्रत्येकाकडे जाईल अशी व्यवस्था केली की निवड आपल्या मर्जीतून सुटते. स्पर्धेसाठी मूल निवडताना सर्वांसमोर चाचणी घ्यावी आणि का निवडले ते सांगावे.

जेवणाच्या वेळी मुलांबरोबर त्याच पंगतीत, त्याच भांड्यातले अन्न घेऊन बसावे. शाळेतील दुपारच्या जेवणाच्या योजनेला आपल्याकडे अक्षर दासोह म्हणतात. दासोह हा शब्द बाराव्या शतकातील बसवेश्वर आणि शरण म्हणवणाऱ्या शिवभक्तांच्या परंपरेतून आलेला आहे. मिळवलेले सर्वांत वाटून मग घेणे असा त्याचा आशय आहे. जो शिक्षक स्वतःचा डबा वेगळ्या खोलीत उघडतो त्याला आमटीत मीठ जास्त झाले हे कळत नाही, आणि कोणते मूल कोणाशेजारी बसायचे टाळते हेही कळत नाही. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

दुसऱ्या भाषेविषयीचा चेहरा

आपल्या भागात शिक्षकाच्या मनातील एक गोष्ट मुलांपर्यंत फार लवकर पोहोचते, ती म्हणजे कन्नडविषयी किंवा, कन्नड शाळेत, मराठीविषयी त्याला काय वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासूनची वेदना इथल्या मराठी घरांत आहे. ती माझ्याही घरात आहे. वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याविषयी शिक्षकाला नागरिक म्हणून मत असणे स्वाभाविक आहे. परंतु वर्गात बसलेल्या मुलाला कन्नड हा विषय टाळता येत नाही. २०१५ च्या राज्य कायद्याने तो सर्व शाळांत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून आवश्यक केला आहे, आणि बसच्या पाटीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्याला तो लागणार आहे. कन्नडच्या तासाची घंटा झाल्यावर मराठीच्या बाईंनी नुसता सुस्कारा टाकला तरी मुलांना तो ऐकू जातो. पुढचा तास घेणाऱ्या शिक्षकाला मग पंचेचाळीस मिनिटे त्या सुस्काऱ्याशी झगडावे लागते.

म्हणून सवय अशी लावावी. धारवाड-बैलहोंगलकडून बदलून आलेला सहकारी दारात दिसला की मुलांसमोर त्याला “बर्री, कुंड्री” (या, बसा) म्हणावे आणि त्याच्याकडून एक शब्द शिकून फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. त्यालाही रोज एक मराठी शब्द द्यावा. मुलांना धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्याविषयी सांगावे : घरची भाषा मराठी, पेशा शिक्षकाचा, आणि कन्नड कवितेसाठी ज्ञानपीठ पुरस्कार. मराठीचा अभिमान मुलांत रुजवायचा असेल तर त्यासाठी चांगले मराठी वाचून दाखवणे हा मार्ग उघडा आहे. रोज शेवटची दहा मिनिटे शिक्षकाने स्वतः आवडीने वाचावे. दुसऱ्या भाषेबद्दल तुच्छता दाखवून आपल्या भाषेची एक ओळही मुलांच्या तोंडी बसत नाही.

खोलीबाहेर पाच मिनिटे

सप्टेंबरच्या मध्यास एक चाचणी घ्यावी. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या गटांवर एक प्रयोग केला होता. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो समोर असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर गेला की ढासळे. मुलांना विचारात घेणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो बाहेर गेल्यावरही काम चालू राही. आपल्या बहुवर्ग शाळांत शिक्षक तसाही निम्मा वेळ दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असतो, त्यामुळे ही चाचणी आपल्याला अधिकच लागू पडते. मुलांना काम देऊन पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊन उभे राहावे आणि फक्त ऐकावे. थोडी कुजबुज, खुर्च्यांचा आवाज, एकमेकांना विचारणे हे चांगले लक्षण आहे. पूर्ण शांतता असेल तर मुले पावलांचा आवाज ऐकत आहेत. आरडाओरड असेल तर शांतता आपल्या अंगावर टांगलेली होती आणि आपल्याबरोबर बाहेर निघून आली. आत परतल्यावर कोणालाही रागावू नये. चाचणी आपली होती.

दसऱ्याच्या सुटीआधीच्या आठवड्यात जूनमधली वही पुन्हा काढावी आणि तीच नोंद त्याच खुणांनी सहा दिवस ठेवावी. शनिवारी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. आडव्या रेघा किती कमी झाल्या यापेक्षा त्या कोणाच्या नावावरून हटल्या हे पाहावे, आणि उभ्या रेघा हुशार मुलांवरच थांबल्या आहेत का हेही पाहावे. यादीत अजूनही एखादे नाव असेल ज्याच्यापुढे एकही खूण नाही. सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशीचा पहिला प्रश्न त्या मुलाला विचारावा, आणि विचारून झाल्यावर थांबावे.